पुढची डिस्क कोणती? आर्टहाउस चित्रपटांच्या आगामी आवृत्त्यांचा अंदाज बांधण्याची पद्धत

क्रायटेरियन कलेक्शन ही अमेरिकी कंपनी साधारणतः दर महिन्याच्या मध्याला, तीन महिन्यांनंतर येणाऱ्या डिस्कची यादी जाहीर करते. त्याआधीच्या आठवड्यात संग्राहकांमध्ये तर्कवितर्कांना ऊत येतो. नव्याने संग्रह करू लागलेल्या माणसाला ही सगळी चर्चा कुजबुज वाटते आणि आपल्याला आतली बातमी नाही म्हणून आपण मागे आहोत, अशी त्याची समजूत होते. माझीही तशीच झाली होती. पहिली दोन-तीन वर्षे माझा जवळजवळ प्रत्येक अंदाज चुकला, कारण मला जो चित्रपट हवा असे तोच येणार असे मी धरून चालत असे. पुढे लक्षात आले की बहुतेक अचूक अंदाज उघड माहितीवरच बांधलेले असतात. फक्त ती माहिती कोणत्या क्रमाने पाहायची हे ठाऊक असावे लागते. तो क्रम असा: आधी हक्क, मग रिस्टोरेशन (जुन्या प्रतीचे डिजिटल पुनरुज्जीवन), मग चित्रपटगृहातील प्रदर्शन, मग वर्गीकरण (वयोगटाचे प्रमाणपत्र) आणि सर्वांत शेवटी कंपनीची चित्रकोडी व अफवा. नवखा माणूस नेमका उलट्या टोकाने सुरुवात करतो.

सुरुवातीला जवळ काय असावे

फार काही लागत नाही. एक वही किंवा संगणकावरचा तक्ता, आवडत्या लेबलांच्या, म्हणजे डिस्क काढणाऱ्या कंपन्यांच्या, ईमेल वार्तापत्रांचे सभासदत्व, मोठ्या चित्रपट महोत्सवांच्या अभिजात विभागांच्या याद्या, ब्रिटनच्या वर्गीकरण मंडळाच्या संकेतस्थळावरील शोधसुविधा आणि आपल्या प्लेयरचे माहितीपत्रक एवढे पुरेसे आहे. वहीत प्रत्येक चित्रपटासाठी पाच रकाने आखावेत: हक्कधारक, रिस्टोरेशनचे वर्ष, प्रदर्शन, वर्गीकरण आणि सध्या उपलब्ध असलेली सर्वोत्तम आवृत्ती. मी सहावा रकाना ‘निव्वळ इच्छा’ असा ठेवतो. ज्या चित्रपटाच्या ओळीत फक्त हाच रकाना भरलेला आहे, त्याविषयी चारचौघांत भाकीत करायचे नाही, असा माझा नियम आहे.

१. आपल्या प्लेयरवर काय चालते ते आधी ठरवा

ब्लू-रे डिस्कचे तीन प्रदेश आहेत. ए मध्ये अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशियाचा बराचसा भाग येतो. बी मध्ये युरोपचा मोठा भाग, आफ्रिका, मध्यपूर्व आणि ऑस्ट्रेलिया. सी मध्ये भारत, चीन, रशिया आणि आसपासचे देश. साध्या ब्लू-रेहून अधिक बारकाव्यांचे चित्र देणाऱ्या फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र प्रदेशाचे बंधन नसते. इथेच पहिला सापळा आहे: फोर-के संचात बहुधा एक साधी ब्लू-रेही असते, पुरवणीचे साहित्य अनेकदा त्याच डिस्कवर असते, आणि ती ब्लू-रे प्रदेशबद्ध असू शकते. चित्रपट दिसतो, पण दिग्दर्शकाची मुलाखत दिसत नाही. त्यामुळे अंदाज बांधताना ‘हा चित्रपट येईल का’ एवढेच विचारू नये. ‘कोणत्या प्रदेशात, कोणत्या लेबलकडून येईल’ असे विचारावे.

२. हक्क कोणाकडे आहेत ते शोधा

हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी टप्पा आहे. चित्रपटाचे डिस्कहक्क प्रदेशानुसार आणि मुदतीने विकले जातात. एकाच चित्रपटाचे अमेरिकेतील, ब्रिटनमधील आणि फ्रान्समधील हक्क तीन वेगळ्या कंपन्यांकडे असणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून चित्रपटाच्या मूळ निर्मात्याचा संग्रह आज कोणाकडे आहे, हे आधी पाहावे. गोमाँ, पाथे, स्टुडिओकॅनाल, ले फिल्म द्यू लोझांज, तोहो, शोचिकू, कादोकावा ही नावे पुन्हापुन्हा भेटतील. त्यानंतर कोणत्या लेबलचे कोणाशी नित्याचे व्यवहार आहेत, हे त्या लेबलची मागची यादी चाळून कळते. ब्रिटनमधील सेकंड रन हे २००५ पासूनचे छोटे लेबल चेक, स्लोव्हाक आणि एकूणच मध्य युरोपीय चित्रपटांसाठी ओळखले जाते. तेव्हा प्रागच्या चित्रपट संग्रहालयाने एखादा चित्रपट नव्याने सिद्ध केला, तर माझी नजर आपोआप तिकडे जाते. क्रायटेरियनच्या बाबतीत यानुस फिल्म्स या भगिनी कंपनीचा संग्रह हा पाया आहे. १९५६ मध्ये सुरू झालेल्या या वितरण संस्थेने युरोपीय आणि जपानी चित्रपट अमेरिकेत आणले आणि त्यांतले बरेचसे कालांतराने डिस्कवर आले.

हक्क जातातही, हे विसरू नये. २०१० मध्ये स्टुडिओकॅनालचे अनेक चित्रपट क्रायटेरियनच्या हातून निसटून अमेरिकेत लायन्सगेटकडे गेले. त्यांत ज्याँ रन्वार यांचा ‘ग्रँड इल्युजन’ होता, जो क्रायटेरियनच्या डीव्हीडी मालिकेतील क्रमांक १ होता. पहिल्या क्रमांकाची डिस्क बाजारातून नाहीशी होऊ शकते, तर कोणतीही होऊ शकते. म्हणून ‘अमुक लेबलने हा चित्रपट पूर्वी काढला होता, म्हणजे फोर-केही तेच काढणार’ हा तर्क कच्चा समजावा. उलट, एखादी डिस्क अचानक छपाईबाह्य झाली, म्हणजे तिचे उत्पादन थांबले, तर हक्क दुसरीकडे गेले असण्याची शक्यता नोंदवावी आणि पुढची दोन वर्षे इतर लेबलांकडे लक्ष ठेवावे.

नव्या चित्रपटांचे गणित थोडे सोपे असते, कारण वितरकाचा करार माहीत झाला की दिशा कळते. नेटफ्लिक्सचे चित्रपट डिस्कवर येणारच नाहीत असे ठामपणे म्हटले जात असे. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रायटेरियनने नेटफ्लिक्सच्याच ‘रोमा’ची डिस्क काढली आणि तो समज मोडला.

३. रिस्टोरेशनची पाटी वाचायला शिका

नव्याने सिद्ध केलेली प्रत नसेल, तर बहुतेक दर्जेदार लेबले जुन्या चित्रपटाला हात लावत नाहीत. म्हणून रिस्टोरेशनची बातमी हा सर्वांत भक्कम सुगावा असतो. मे महिन्यात कान महोत्सवाचा ‘कान क्लासिक्स’ हा २००४ पासूनचा विभाग, जून-जुलैच्या सुमारास बोलोन्यात भरणारा ‘इल सिनेमा रित्रोव्हातो’, सप्टेंबरच्या आसपास व्हेनिसचा अभिजात विभाग आणि ऑक्टोबरमध्ये लियाँचा ल्युमिएर महोत्सव, या चार याद्या दरवर्षी उतरवून घेतल्या, तरी पुढच्या दोन-तीन वर्षांच्या डिस्कचा बराचसा भाग तुमच्या वहीत आलेला असतो.

परंतु यादीतले नाव पुरेसे नाही. चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर जी पाटी येते, ती वाचायला हवी. मी पहिल्यांदा अशा महोत्सवी खेळाला गेलो, तेव्हा अंधारात तिकिटाच्या पाठीवर ती पाटी उतरवण्याचा प्रयत्न केला. पाटी आठ-दहा सेकंद टिकली, माझी अर्धी अक्षरे एकमेकांवर चढली आणि घरी आल्यावर जे वाचता आले ते फक्त प्रयोगशाळेचे नाव. नेमके तेच सर्वांत निरुपयोगी. पाटीवर चार प्रकारची नावे असतात: काम करणारी प्रयोगशाळा, निगेटिव्ह किंवा प्रत पुरवणारे संग्रहालय, पैसा देणारी संस्था आणि हक्कधारक किंवा वितरक. बोलोन्यातील लिम्माजिने रित्रोव्हाता ही प्रयोगशाळा जगभरातल्या कामांवर असते. तिच्या नावावरून डिस्क कोण काढणार हे कळत नाही. अर्थसाहाय्य करणाऱ्या प्रतिष्ठानाच्या नावावरूनही कळत नाही. शेवटच्या प्रकारात कोण आहे, तेवढे पाहावे. सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिनरात्रि’ची नवी प्रत २०२५ च्या कान क्लासिक्समध्ये दाखवली गेली, तेव्हा फिल्म फाउंडेशनच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांच्याबरोबर सहभागी संस्थांत यानुस फिल्म्स आणि क्रायटेरियन यांचीही नावे होती. असे नाव पाटीवरच असले की तर्क करण्यासारखे फारसे उरत नाही. प्रश्न उरतो तो केवळ ‘कधी’ एवढाच.

आणि तो ‘कधी’ फार लबाड असतो. तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हचे १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत मोठे नुकसान झाले होते. अनेक वर्षांच्या कामानंतर नवी फोर-के प्रत मे २०१५ मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्क आली. ज्याँ युस्ताश यांचा ‘द मदर अँड द होअर’ दशकानुदशके हक्कांच्या गुंत्यात अडकलेला होता; तो २०२२ मध्ये कान क्लासिक्समध्ये आला, २०२३ मध्ये यानुसने अमेरिकेत प्रदर्शित केला आणि डिस्क मिळाली ती जानेवारी २०२५ मध्ये. एडवर्ड यांग यांच्या ‘अ ब्रायटर समर डे’चे रिस्टोरेशन २००९ मध्ये झाले, क्रायटेरियनची डिस्क २०१६ मध्ये आली. सात वर्षे! म्हणजे रिस्टोरेशन झाले एवढ्यावरून तारीख सांगणारा माणूस प्रत्यक्षात नाणे उडवत असतो.

याच टप्प्यावर तांत्रिक सापळाही आहे. निगेटिव्ह फोर-केमध्ये स्कॅन झाली, तरी पुढचे सगळे काम टू-केमध्ये, म्हणजे त्याहून कमी बारकाव्यांत, झालेले असू शकते. पाटीवर ‘टू-के रिस्टोरेशन’ असेल, तर त्या कामावरून फोर-के डिस्क येईल अशी आशा धरू नये. शिवाय नवी प्रत म्हणजे जुन्यापेक्षा चांगली प्रत असेही नाही. वाँग कार-वाय यांच्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या आल्या, तेव्हा दिग्दर्शकाने स्वतःच रंगांत बदल केले होते आणि ‘फॉलन एंजल्स’ची चौकटही रुंद केली होती. ज्यांना मूळ रूप हवे होते, त्यांच्यासाठी जुन्या डिस्क एकाएकी मौल्यवान ठरल्या.

माझी स्वतःची चूक याच संदर्भातली आहे. एका हंगेरियन चित्रपटाची नवी प्रत महोत्सवात दाखवली गेल्याचे वाचले आणि आता ब्लू-रे आलीच, अशा भ्रमात मी माझ्याजवळची जुनी डीव्हीडी विकून टाकली. ब्लू-रे चार वर्षांनी आली, वेगळ्याच लेबलकडून, आणि जुन्या डिस्कवर असलेली दिग्दर्शकाची दीर्घ मुलाखत तिच्यावर नव्हती. तीच डीव्हीडी मी तिप्पट किमतीला परत विकत घेतली. विकणाऱ्याने वेष्टणावर कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला आकडा पाहून ती माझीच जुनी प्रत असल्याचेही मला कळले.

४. चित्रपटगृहातील पुनर्प्रदर्शन

इथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. एखाद्या लेबलच्या भगिनी वितरण संस्थेने जुना चित्रपट चित्रपटगृहांत फिरवला, त्याचे नवे पोस्टर आणि नवी झलक तयार केली, तर सहा महिने ते दीड वर्षात डिस्क येण्याची शक्यता चांगली असते. नव्या चित्रपटांत हे अंतर आणखी कमी असू शकते: ‘ड्राइव्ह माय कार’ नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि जुलै २०२२ मध्ये क्रायटेरियनकडून आला. नवे पोस्टर जपून ठेवावे; तेच पुढे मुखपृष्ठ म्हणून दिसण्याचा योग बऱ्याचदा येतो. मात्र एखाद्या लेबलच्या स्ट्रीमिंग सेवेवर चित्रपट दिसणे हा तितका पक्का पुरावा नाही, कारण स्ट्रीमिंगचे हक्क स्वतंत्र आणि अल्पमुदतीचे असतात.

५. वर्गीकरण मंडळाच्या नोंदी

ब्रिटनमध्ये १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यामुळे विक्रीस येणाऱ्या चित्रपट-डिस्कला बीबीएफसी या मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मंडळाच्या नोंदी सर्वांना पाहता येतात. जर्मनीत एफएसके हे काम करते. अमेरिकेत मात्र दर्जाचिन्ह ऐच्छिक असल्याने तिथे हा सुगावा मिळत नाही. ब्रिटिश लेबलांवर लक्ष ठेवणाऱ्या संग्राहकाला घोषणेच्या कित्येक आठवडे आधी नाव कळू शकते ते यामुळेच.

नोंद पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वर्गीकरण कशासाठी आहे: चित्रपटगृह, स्ट्रीमिंग की डिस्क. नवखे लोक चित्रपटगृहाची नोंद दाखवून डिस्कची द्वाही फिरवतात. दुसरी, अर्जदार कंपनी कोण आहे. तिसरी गोष्ट माझ्या विशेष आवडीची आहे, ती म्हणजे लांबी. जुन्या पॅल पद्धतीच्या (युरोपातील टीव्ही-मानकाच्या) डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. जुन्या नोंदीत ९६ आणि नव्या नोंदीत १०० मिनिटे दिसली, तर ती ब्लू-रेसाठी असण्याची शक्यता बळावते. आणि १०७ दिसली, तर वेगळी, लांब आवृत्ती आहे की काय, याचा शोध घ्यायला हवा. याशिवाय, त्याच अर्जदाराच्या नावावर एखादी अनोळखी वीस मिनिटांची मुलाखत किंवा माहितीपट त्याच सुमारास नोंदलेला दिसला, तर तो पुरवणीचा भाग असतो आणि अंदाज जवळजवळ पक्का होतो.

नोंद सापडली नाही म्हणून डिस्क येणार नाही, असे मात्र समजू नये. त्याच आवृत्तीला पूर्वी मिळालेले प्रमाणपत्र चालू शकते. आणखी एक सावधगिरी: १९३७ च्या प्राणिसंरक्षणविषयक चित्रपट कायद्यामुळे घोडे पाडण्याची किंवा प्राण्यांना इजा करणारी दृश्ये ब्रिटनमध्ये कापावी लागू शकतात. नोंदीत ‘कट’ असा उल्लेख असेल, तर दुसऱ्या देशातील आवृत्तीची वाट पाहिलेली बरी.

६. दिनदर्शिका आणि जन्मशताब्द्या

मोठे बॉक्स-सेट वर्षाअखेरच्या खरेदीच्या काळात येण्याकडे कल असतो. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमन यांच्या जन्मशताब्दी वर्षात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, ३९ चित्रपटांचा संच आला. इटालियन दिग्दर्शक फेलिनी यांच्या शताब्दी वर्षात, नोव्हेंबर २०२० मध्ये, १४ चित्रपटांचा संच आला. या दोन घटनांनंतर संग्राहकांनी शताब्द्यांचे कोष्टकच मांडले. २०२१ मध्ये राय यांची शताब्दी होती आणि भला मोठा संच येणार, असे कित्येकांनी गृहीत धरले. मीही त्यांच्यात होतो. आली ती ‘देवी’ची एक डिस्क. फेलिनी यांच्या वेळी इटलीतील संस्थांनी मिळून अनेक चित्रपटांचे रिस्टोरेशन आधीच हाती घेतले होते, हे आम्ही लक्षात घेतले नव्हते. तारीख जुळली, तरी तिच्यामागे तयार साहित्य आहे की नाही, हे तिसऱ्या टप्प्यातल्या वहीतून पडताळावे लागते.

क्रमांकांवरून तर्क करणे तर त्याहून निष्फळ आहे. क्रायटेरियनच्या १००० व्या क्रमांकाला कोणता महान कलात्मक चित्रपट मिळणार, यावर दीर्घ काळ काथ्याकूट चालला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या क्रमांकावर १५ गॉडझिला चित्रपटांचा संच आला. मला स्वतःला तो निर्णय आवडला.

७. चित्रकोडी

क्रायटेरियन नववर्षाच्या सुमारास एक रेखाचित्र प्रसिद्ध करते, ज्यात त्या वर्षी येणाऱ्या चित्रपटांचे संकेत लपवलेले असतात; वार्तापत्रातूनही अधूनमधून असे छोटे चित्र येते. ही कोडी बहुधा इंग्रजी शब्दांवरच्या कोट्या असतात, त्यामुळे चित्रातली वस्तू पाहून तिचे इंग्रजी नाव मोठ्याने उच्चारावे, मग त्या उच्चाराजवळचे शीर्षक आठवते का ते पाहावे. परंतु उत्तर सुचल्याबरोबर वही उघडा. हक्क आणि रिस्टोरेशन हे दोन्ही रकाने रिकामे असतील, तर उत्तर बहुधा चुकलेले असते. एका पक्ष्याच्या चित्रावरून मी एकदा सात शीर्षके काढली होती. वहीने त्यांतली सहा बाद केली आणि उरलेले एक बरोबर निघाले.

८. अफवा आणि दुकानांतील नोंदी

ऑनलाइन दुकानांत डिस्कची नोंद अधिकृत घोषणेपूर्वी दिसू शकते, पण ३१ डिसेंबर ही तारीख दिसली, तर ती केवळ रकाना भरण्यासाठी टाकलेली असते. अशाच एका नोंदीवर मी पैसे भरून दहा महिने थांबलो आणि शेवटी ‘वस्तू उपलब्ध नाही’ असा दोन ओळींचा निरोप आला. मुखपृष्ठाची चित्रे तर पाहूच नयेत. हौशी मंडळी इतकी सुबक बनावट मुखपृष्ठे करतात की जाणकारही फसतात. ‘माझ्या ओळखीतल्या एकाने सांगितले’ या प्रकारच्या बातमीत लेबल, प्रदेश आणि स्वरूप यांपैकी किमान दोन गोष्टी स्पष्ट नसतील, तर ती वहीत उतरवण्याच्या लायकीची नाही.

९. थांबायचे की घ्यायचे

सगळ्या अंदाजांचा व्यवहारात उपयोग एवढ्याचसाठी. माझा हिशेब असा आहे. पहिल्या पाच रकान्यांपैकी पहिले तीन भरलेले असतील, तर जुनी डिस्क विकत घेऊ नये. फक्त रिस्टोरेशनचा रकाना भरलेला असेल, तर जुनी डिस्क स्वस्त मिळाल्यास घ्यावी. काहीच भरलेले नसेल आणि उपलब्ध डिस्क छपाईबाह्य होण्याच्या वाटेवर असेल, तर ती आजच घ्यावी. जवळची प्रत विकायची, ती नवी हातात आल्यावर आणि दोन्ही एकेकदा पाहून झाल्यावरच.

घोषणेच्या दिवशी पहिल्या तासाभरात मागणी नोंदवण्याची घाई करू नये, कारण तपशील नंतर दुरुस्त होतात. प्रत मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून की नंतरच्या पिढीवरून, काम फोर-के की टू-के, पुरवणीचे साहित्य कोणत्या डिस्कवर, प्रदेश कोणता, आणि जुन्या आवृत्तीतले काय गळले, हे पाच मुद्दे वहीतल्या त्याच ओळीखाली लिहावेत. आपला अंदाज चुकला असेल, तर कोणता रकाना वाचताना चूक झाली, तेही तिथेच टिपून ठेवावे. माझ्या वहीत अशा टिपांची आता अकरा पाने झाली आहेत आणि पुढच्या महिन्याच्या मध्याआधी मी ती पुन्हा चाळणार आहे.